वाचनशिक्षणावरील संशोधन : लेखन, परीक्षण व प्रसिद्धी

खेड तालुक्याच्या पश्चिम अंगास भीमाशंकरच्या डोंगरात महादेव कोळी व ठाकर वस्त्यांतील लहान लहान शाळा आहेत, तर राजगुरुनगरच्या दक्षिणेस चाकण, महाळुंगे, निघोजे या कारखान्यांच्या पट्ट्यात पटावर मुले मावेनाशा झालेल्या शाळा आहेत. डेहण्याकडील शिक्षकाच्या वर्गातील मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकातील भाषेपासून दूर असते. चाकणकडील शिक्षकापुढे मराठवाड्यातून, बिहारमधून व उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची मुले एकाच ओळीत बसलेली असतात. दोघांच्याही हाती पुस्तक मात्र एकच. हे पुस्तक आपल्या वर्गास कसे लावावे, कोणते अक्षर आधी घ्यावे, कोणता शब्द मुलांना परका वाटतो, हे दोघेही पाच-सात वर्षांत अनुभवाने शिकतात. पुढे बदलीचा आदेश येतो आणि ते शिक्षण त्यांच्या सामानसुमानाबरोबर दुसऱ्या गावी जाते. मागून येणारा शिक्षक पहिल्या पाठापासून पुन्हा चाचपडू लागतो, आणि त्या चाचपडण्याची किंमत पहिली-दुसरीतील मुले देतात. वाचनाशिवाय गेलेले पहिलीचे वर्ष मुलास परत मिळत नाही.

हे ज्ञान लिहून ठेवावे, इतरांनी ते पारखावे आणि मग ते छापले जावे, या व्यवहारास संशोधनाची प्रसिद्धी म्हणतात. हा व्यवहार विद्यापीठातील विद्वानांचा आहे, प्राथमिक शिक्षकाचा त्याच्याशी संबंध नाही, अशी समजूत आहे. ती दोन कारणांनी टिकण्यासारखी नाही. एक तर अध्यापनाच्या ज्या पद्धती परिपत्रकाने शाळेत येतात त्यांच्या मुळाशी कोणाचे तरी संशोधन असते, अथवा ते असावयास हवे. ते वाचून पारखता येत नसेल तर शिक्षकास केवळ हुकूम पाळणे एवढेच उरते. दुसरे असे की, मराठी मूल वाचावयास कसे शिकते याविषयीची सामग्री शिक्षकाच्या वर्गातच आहे, अन्यत्र नाही.

मराठी शिक्षकास ही परंपरा नवीनही नाही. एकोणिसाव्या शतकात शिक्षण खात्याच्या आश्रयाने 'शालापत्रक' हे मासिक निघत असे. आधी कृष्णशास्त्री चिपळूणकर व पुढे विष्णुशास्त्री यांनी ते चालविले, आणि १८७५ मध्ये ते बंद पडले. १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. त्यात खेड्यातील मुलास मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची व आरोग्याची माहिती मिळावी अशी मागणी होती. आयोगाने घेतलेल्या साक्षी १८८४ मध्ये छापून निघाल्या. त्या छापल्या गेल्या म्हणूनच आजचा शिक्षक ते निवेदन वाचू शकतो, त्यातील कोणते म्हणणे पटते व कोणते पटत नाही हे ठरवू शकतो. त्याच काळातील कित्येक पंतोजींनी आपापल्या शाळांत काय केले, याचा मागमूस उरलेला नाही.

आता अनुभवकथन आणि शोधनिबंध यांतील भेद. "या उपक्रमाने माझ्या वर्गातील सर्व मुले वाचू लागली," हे अनुभवकथन होय. ते खोटे असेल असे नाही. परंतु ते खरे की खोटे हे ठरविण्याचे साधन त्यात वाचकास दिलेले नसते. शोधनिबंध लिहिणारा आपल्यावर शंका घेण्याचे साधन आपल्याच हाताने वाचकास देतो. मुले किती होती, कोणती होती, 'वाचता येणे' म्हणजे काय धरले, चाचणी कोणी घेतली, किती दिवसांनी घेतली, किती मुले मधेच गळाली, हे सर्व तो सांगतो. सांगितल्याने त्याचा दावा कित्येकदा लहान होतो. परंतु जो उरतो तो दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात असे काम झालेले आहे, आणि ते शिक्षकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

मूळच्या अमेरिकेतील मॅक्सिन बर्नसन यांनी फलटण येथील लोकांच्या बोलीतील भेदांचा अभ्यास करून १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास प्रबंध सादर केला. हा विषय भाषाशास्त्राचा. शाळेशी त्याचा वरकरणी संबंध नाही. परंतु पुढे त्या फलटण येथेच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि शाळेत जाऊनही ज्यांना वाचता येत नव्हते अशा मुलांसाठी त्यांनी वर्ग चालविले. १९८६ मध्ये तेथे 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा सुरू झाली. गावाची बोली नीट ऐकलेला माणूस त्याच गावातील मुलांच्या वाचनाकडे वळला, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

दुसरे उदाहरण पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्याचे. (भीमाशंकरच्या वाटेवरील आपल्या तालुक्यातील वाडा गाव तो हा नव्हे.) अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाडा येथे मराठीतील आणि कर्नाटकातील यादगीर येथे कन्नडमधील आरंभीचे वाचन-लेखन अभ्यासिले. त्यांनी तीच मुले पहिलीपासून तिसरीपर्यंत पाहिली, आणि तीन वर्षांच्या या कामाचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. दरवर्षी निरनिराळ्या मुलांची चाचणी घेणे सोपे असते; एकाच मुलामागे तीन वर्षे राहणे कठीण असते, आणि त्यातूनच मूल कोठे अडते हे दिसते. शाळेतील वेळ मुख्यतः अक्षरे, मात्रा व उतरवून काढणे यांत जातो. अर्थ लावणे, बोलणे व स्वतःच्या मनाचे लिहिणे यांस जागा थोडी मिळते. आणि घरच्या बोलीचा शिकविण्यात उपयोग फारसा होत नाही, असे या अभ्यासातून पुढे आले. ज्या शिक्षकास हे आपल्या शाळेचेच वर्णन वाटेल त्याने ते तपासून पाहावे. ज्यास वाटणार नाही त्यानेही पाहावे.

मराठी व कन्नड यांचा अभ्यास वेगळा का करावा लागतो? इंग्रजी मुळाक्षरे सव्वीस. देवनागरीत चौतीस व्यंजने व त्यांची बारा-बारा रूपे एवढेच धरले तरी चारशे आठ चिन्हे होतात, जोडाक्षरे निराळी. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास करून २००७ मध्ये 'जर्नल ऑफ रिसर्च इन रीडिंग' या नियतकालिकात दाखवून दिले की, अशा लिपीतील अक्षरज्ञान पहिल्या एका वर्षात पुरे होत नाही; ते पुढील कित्येक इयत्तांत चालूच राहते. ज्योत्स्ना वैद व आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांविषयी असे नोंदविले की, ऱ्हस्व इकार लिहिला जातो अक्षराच्या आधी व उच्चारला जातो नंतर, त्यामुळे असे शब्द वाचावयास अधिक वेळ लागतो. दुसरीतील मूल 'दिवस' या शब्दाशी थबकते तेव्हा ते आळशी असते असे नव्हे, हे यावरून शिक्षकास कळते. रफाराचेही असेच काही असेल काय, हा प्रश्न मराठी शिक्षकाने विचारण्याजोगा आहे.

तिसरे उदाहरण थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण संशोधन कसे वाचावे हे त्यावरून चांगले समजते. मुंबई व वडोदरा येथील प्राथमिक शाळांत 'प्रथम' या संस्थेने बालसखी योजना चालविली होती. वस्तीतीलच एखादी तरुणी शाळेत येई, तिसरी-चौथीतील मागे राहिलेली पंधरा-वीस मुले दररोज सुमारे दोन तास वेगळी बसवून घेई व त्यांना आरंभीचे वाचन आणि गणित शिकवी. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडेन यांनी या योजनेचा परिणाम तपासला. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेस बालसखी द्यावयाची हे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवाधीन ठेवले, आणि योजना मिळालेल्या व न मिळालेल्या वर्गांची तुलना केली. पंधरा हजारांहून अधिक मुले या अभ्यासात होती. निबंध 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात २००७ मध्ये छापून आला. बॅनर्जी व डुफ्लो यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मायकेल क्रेमर यांच्यासह मिळाले.

चिठ्ठ्या कशासाठी? योजना मागून घेणारा मुख्याध्यापक बहुधा उत्साही असतो, आणि त्याच्या शाळेतील मुले योजनेवाचूनही पुढे गेली असती. अशा शाळांची तुलना उदासीन शाळांशी केली, तर जे यश मुख्याध्यापकाचे ते योजनेच्या नावे लिहिले जाते. निवड दैवावर सोपविली की ही शंका बव्हंशी मिटते.

निष्कर्ष असा होता की, योजना मिळालेल्या शाळांतील मुलांचे सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. हा आकडा पाहून शिक्षकाने पान उलटू नये. शंभर मुले गुणानुक्रमे एका रांगेत उभी केली व त्यांतील बरोबर मध्यावरील मूल घेतले, तर ०.२८ म्हणजे ते मूल रांगेत सुमारे अकरा जागा पुढे सरकले. हा लाभ मुख्यतः तळाच्या मुलांना झाला, आणि योजनेचा हेतूही तोच होता. परंतु त्याच निबंधात पुढे असेही नमूद आहे की, योजना संपल्यावर एका वर्षाने लाभ उरला तो सुमारे ०.१०, म्हणजे अकरा जागांतील चारच जागा टिकल्या.

हे दुसरे वाक्य या निबंधातील सर्वांत मोलाचे वाक्य आहे. ते गाळले असते तर निबंध अधिक झळकला असता. आपल्याकडे उपक्रमाचा अहवाल उपक्रम संपण्याच्या दिवशी लिहिला जातो, आणि एका वर्षाने त्या मुलांकडे कोणी वळून पाहत नाही. वाढ टिकत नसेल तर काय करावे, हा विचार ज्याला कोणाला करावयाचा असेल त्याला आधी ती टिकत नाही हे कळले पाहिजे. आणि ते छापल्याशिवाय कळत नाही.

आता परीक्षणाकडे वळू. १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केले. तेव्हा काय छापावे हे बहुतांशी संपादकच ठरवी. लेख छापण्यापूर्वी त्या विषयातील इतर जाणकारांकडे पाठवून त्यांचे मत घेण्याची पद्धत पुढे सावकाश रुजली. 'नेचर' सारख्या विख्यात साप्ताहिकानेही ती नियमितपणे १९७३ पासून अवलंबिली. आज शोधनिबंध आला की संपादक तो आधी स्वतः वाचतो. विषयास धरून असेल तर दोन-तीन परीक्षकांकडे धाडतो. पुष्कळ ठिकाणी लेखकाचे नाव परीक्षकास व परीक्षकाचे नाव लेखकास सांगितले जात नाही. परीक्षक बहुधा विनामूल्य काम करतो. तो लेखी मत देतो. लेख छापावा, सुधारून घ्यावा अथवा परत करावा असे सुचवितो. लेखक प्रत्येक आक्षेपास उत्तर देतो, सुधारतो अथवा आपले म्हणणे का बरोबर आहे ते सांगतो. यात महिने जातात, कधी वर्ष जाते.

परीक्षक नेमके काय पाहतो? तालुक्यातील परिस्थितीस धरून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, चाकणजवळील एका शाळेतील शिक्षिकेने दुसरीच्या चोवीस मुलांची जुलैमध्ये चाचणी घेतली. वीस शब्द वाचावयास दिले. सर्व मुलांनी मिळून एकशे ब्याण्णव शब्द बरोबर वाचले. सरासरी आठ आली. मग तिने एक नवी वाचनपद्धती योजिली आणि मार्चमध्ये तीच चाचणी पुन्हा घेतली. सरासरी दहा आली. अहवालात लिहिले गेले की, सरासरीत पंचवीस टक्के वाढ झाली.

परंतु मार्चमध्ये वर्गात मुले अठराच होती. सहा मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर दुसरीकडे निघून गेली, कारण त्यांचे काम कंत्राटी होते व कंत्राट संपले होते. जुलैमध्ये या सहा मुलांनी प्रत्येकी दोनच शब्द वाचले होते, म्हणजे एकूण बारा. एकशे ब्याण्णवांतून बारा वजा केले की एकशे ऐंशी राहतात, आणि एकशे ऐंशीस अठराने भागले की दहा येतात. म्हणजे उरलेल्या अठरा मुलांपैकी एकही मूल नवा एक शब्द शिकले नसले, तरी सरासरी आठावरून दहावर गेली असती. शिक्षिकेने काही लपविले नाही, कोणताही आकडा खोटा नाही, बेरीज-भागाकारही बरोबर आहे. आणि तरीही निष्कर्ष पोकळ आहे. ही नवी पद्धती जिल्हाभर लागू झाली असती तर?

कारखान्यांच्या पट्ट्यात हा धोका कल्पनेतला नाही. तेथे पट वर्षभर हलता असतो. म्हणून तेथून आलेल्या कोणत्याही अहवालास परीक्षकाने पहिला प्रश्न हा विचारावा की, दोन्ही चाचण्यांस बसलेली मुले तीच होती काय. लेखकानेही तुलना केवळ दोन्ही वेळा हजर असलेल्या मुलांची करावी, आणि गेलेली मुले किती व कोणत्या पातळीची होती हे वेगळे सांगावे. निघून गेलेली मुले वाचावयास शिकली की नाही, हा प्रश्न तर याहून मोठा आहे, आणि त्याचे उत्तर कोणाच्याच अहवालात सापडत नाही.

दुसरा प्रश्न थोडा सूक्ष्म आहे. एका चाचणीवरून सर्वांत मागे असलेली दहा मुले निवडली व पंधरा दिवसांनी त्यांचीच पुन्हा चाचणी घेतली, तर काही न शिकवताही त्यांपैकी काहींचे गुण वाढलेले दिसतात. पहिल्या दिवशी कोणाला ताप होता, कोणी घाबरले होते, कोणाच्या घरी भांडण झाले होते. वाईट दिवस नेहमीच वाईट राहत नाही. यास्तव केवळ मागे राहिलेल्या मुलांची प्रगती दाखविणाऱ्या लेखात, तशाच प्रकारच्या परंतु उपक्रम न मिळालेल्या मुलांशी तुलना असावी. दोन शाळांनी परस्परांत ठरवून एकीने उपक्रम आधी व दुसरीने तीन महिन्यांनी घेतला, तर कोणासही वंचित न ठेवता ही तुलना साधते.

तिसरा प्रश्न गुणदानाचा. मुलाने 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचला. हे चूक धरावयाचे काय? हिंदी घरातून आलेले मूल 'फळ' हा शब्द 'फल' असा वाचेल व 'चाक' मधील च तालव्य उच्चारील. डोंगराकडील मूलही घरच्या बोलीप्रमाणे 'पानी' म्हणेल. त्याने अक्षर ओळखले आहे, अर्थ जाणला आहे. उच्चार मात्र त्याच्या घरचा आहे. एका शिक्षकाने हे बरोबर धरले व दुसऱ्याने चूक, तर त्या दोन वर्गांच्या गुणांची तुलना करणे व्यर्थ होय. काय बरोबर धरावयाचे हे चाचणीपूर्वी लिहून ठेवावे आणि ते लेखात द्यावे. परकी बोली बोलणाऱ्या मुलास वाचता येत नाही असा शेरा अशा ठिकाणी अकारण बसतो, आणि तो शेरा त्याच्या प्रगतिपत्रकातून पुढील इयत्तेतही त्याच्याबरोबर जातो.

चाचणी कोणी घेतली, हेही पाहावे. स्वतःच्या उपक्रमाची चाचणी स्वतःच घेणारा शिक्षक प्रामाणिक असला, तरी मूल अडले की त्याचे ओठ नकळत हलतात. शेजारच्या शाळेतील शिक्षकास बोलावून चाचणी घेतली तर हा दोष सहज टळतो, आणि खर्च चहापुरताच होतो. अहवालांतून 'शंभर टक्के' हा आकडा तर इतक्या वेळा भेटतो की, परीक्षकाने तो दिसताच पेन्सिल हाती घ्यावी.

परीक्षण कसे लिहावे याविषयी थोडेसे. प्रथम लेखकाचे म्हणणे परीक्षकाने आपल्या शब्दांत दोन-तीन वाक्यांत मांडावे. ते मांडता येत नसेल तर दोष लेखाचा की आपल्या वाचनाचा, हे पुन्हा पाहावे. नंतर जे चांगले आहे ते सांगावे. त्यानंतर दुरुस्त होण्यासारखे दोष व न होण्यासारखे दोष वेगळे करावेत. आकडेवारी अपुरी असेल तर ती मागता येते. तुलनाच केलेली नसेल तर ती आता करता येत नाही, मात्र दावा कमी करून लेख वाचविता येतो. प्रत्येक बेरीज स्वतः करून पाहावी. लेखकाच्या योग्यतेविषयी, हस्ताक्षराविषयी अथवा शाळेच्या कीर्तीविषयी एक अक्षरही लिहू नये. आपल्याकडे परीक्षण म्हणजे गौरव अथवा निंदा असे समीकरण रूढ झाले आहे. पुस्तकपरीक्षणांनी ही सवय लावली असावी. शोधनिबंधाच्या परीक्षणात दोन्हींचे काम नाही.

लेखकानेही दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे की, मुलांची नावे छापू नयेत. लहान गावात केवळ नाव गाळून भागत नाही. बारा मुलांच्या शाळेतील 'चौथीतील एकुलती एक ठाकर मुलगी' असे लिहिले की गावातील प्रत्येकास ती कोण हे कळते, आणि 'तिला वाचता येत नाही' हे वाक्य तिच्या मागे लागते. अशा ठिकाणी इयत्ता अथवा समाज यांपैकी एक गोष्ट गाळावी. मुलांवर नवे काही करून पाहावयाचे असेल तर पालकांस आधी सांगून त्यांची संमती घ्यावी. वाचता न येणाऱ्या पालकास ते वाचून दाखवावे. दुसरे पथ्य उसनवारीचे. दुसऱ्याच्या लेखातील वाक्ये अवतरणचिन्हावाचून उचलणे ही चोरी होय, मग तो लेख भ्रमणध्वनीवर फिरत आलेला असो की ग्रंथालयातून आणलेला असो.

छापावे कोठे? याविषयी शिक्षकांस सावध करणे अगत्याचे आहे. पदोन्नतीसाठी, पुढील पदवीसाठी अथवा पुरस्काराच्या प्रस्तावासाठी 'प्रसिद्ध शोधनिबंध' लागतो असे कळताच, शुल्क भरा व चार दिवसांत निबंध छापून घ्या असे सांगणारी 'आंतरराष्ट्रीय' म्हणविणारी नियतकालिके निघाली. तेथे परीक्षण होत नाही. पैसे पोचले की निबंध छापला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली, आणि मे २०१८ मध्ये तीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. पुढे 'केअर' या नावाची यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद करून, नियतकालिक कसे निवडावे याचे केवळ निकष सुचविण्यात आले. अर्थात यादीत नाव आहे एवढ्यावर विसंबण्याचे दिवस गेले. आता स्वतःच पाहावे लागते.

पाहावयाचे ते फार नाही. संपादक मंडळातील माणसे खरोखर कोठे काम करतात? परीक्षणास किती दिवस लागतील असे सांगितले आहे? मागील दोन अंक मागवून वाचले तर त्यांत काही अर्थ आढळतो काय? एकाच अंकात वाचनशिक्षण, मत्स्यव्यवसाय व राज्यघटना यांवरचे निबंध शेजारी शेजारी असतील, तर ते सर्व पारखणारा परीक्षक कोण असेल? मुखपृष्ठावर 'आयएसएसएन' हा आठ अंकी क्रमांक आहे, म्हणून नियतकालिक चांगले असे पुष्कळांस वाटते. तो क्रमांक केवळ नियतकालिकाची ओळख पटवितो. गाडीस नोंदणी क्रमांक असला म्हणून चालक कुशल ठरत नाही. अशा ठिकाणी हजार-दोन हजार रुपये गेल्याचे दुःख लहान. खरी हानी ही की, दोन वर्षे खपून मिळविलेली निरीक्षणे जेथे कोणी वाचत नाही तेथे पुरली जातात, आणि एकदा छापलेला निबंध चांगले नियतकालिक पुन्हा घेत नाही.

मराठीतून लिहू इच्छिणाऱ्यास अन्य वाटा आहेत. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे 'जीवन शिक्षण', पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे 'शिक्षण आणि समाज', तसेच 'पालकनीती' यांनी शिक्षणविषयक गंभीर लेखनास मराठीत जागा दिली आहे. ही संस्था जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये स्थापिली. चित्रा नाईक यांच्या नेतृत्वाखाली १९७९ पासून तिने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत शाळेबाहेरील मुलांसाठी सायंकाळचे वर्ग चालवून प्राथमिक शिक्षणाविषयीचे प्रयोग केले. म्हणजे हा जिल्हा संशोधनाच्या नकाशावर पूर्वीच आलेला आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडून कृतिसंशोधनास मार्गदर्शन मिळते. कृतिसंशोधन ही कल्पना शाळांत रुजविली ती अमेरिकेतील स्टीफन कोरी यांच्या १९५३ मधील ग्रंथाने. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील अडचण स्वतःच शास्त्रीय रीतीने तपासावी, एवढेच तिचे सूत्र आहे.

परंतु प्रसिद्धीपूर्वीची पहिली पायरी याहून जवळ आहे. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्यास भरते. तीत एखाद्या शिक्षकाने आपल्या वाचनोपक्रमाचा चार पानांचा लेख आठ दिवस आधी दोन सहकाऱ्यांकडे द्यावा, त्यांनी लेखी मत आणावे, आणि परिषदेत अर्धा तास त्यावर चर्चा व्हावी. लेखकाने त्या वेळी उत्तर देण्याची घाई करू नये. आक्षेप टिपून घ्यावेत. शक्य तर परीक्षकांपैकी एक डोंगराकडील व एक कारखान्याकडील शाळेतील असावा. ज्या गोष्टी एकास उघड वाटतात त्याच दुसऱ्यास विचाराव्याशा वाटतात.

लेख पाठविताना त्यासोबत चाचणीतील शब्दांची यादी, गुणदानाचे नियम व मुलांच्या नावांऐवजी क्रमांक घातलेला गुणतक्ता जोडावा. नोंदवही पहिल्या दिवसापासून शाईने लिहावी. चुकलेला आकडा खोडून न काढता त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा. लेख परत आला तर परीक्षकांची मते जपून ठेवावीत व सुधारलेला लेख दुसरीकडे धाडावा. मूळ उत्तरपत्रिका व नोंदवही लेख छापून आल्यावरही निदान पाच वर्षे ठेवाव्यात, कारण आकड्यांविषयी प्रश्न कधीही येऊ शकतो. बदली झाल्यास नोंदवहीची एक प्रत, क्रमांक व नावे यांचा तक्ता मात्र वगळून, शाळेच्या दप्तरी देऊन तशी नोंद कार्यभार-यादीत करावी.